अंदाजपंचे ट्रक

इंजिन काय खातं असं कुणालाही विचारा, तो चटकन सांगेल, पेट्रोल खातं. तसं नाही. इंजिन खातं हवा, आणि पेट्रोल असतं ते नुसतं तोंडी लावायला. एक लिटर पेट्रोल नीट जाळायचं तर अकरा किलोच्या आसपास हवा लागते, आणि अकरा किलो हवा म्हणजे सुमारे नऊ हजार लिटर, एक लहानशी खोली भरून. पेट्रोल आपण पै-पैचा हिशेब करून घेतो, पंपावर मशीनचा शून्य बघितल्याशिवाय पोराला नळी धरू देत नाही. हवा पडली फुकटची, तिचा हिशेब कोण ठेवणार? इंजिनाला मात्र तो ठेवावाच लागतो. वजनानं हवेच्या १४.७ भागांना पेट्रोलचा १ भाग, हे झालं बरोबर माप. पेट्रोल जास्त झालं की प्लग काळे पडतात आणि धूर नाकात जातो, कमी झालं की गाडी झटके देते, तापते आणि चढाला मान टाकते.

आता ज्या ट्रकाची गोष्ट सांगायला बसलोय त्याची मौज ऐका. त्याला हवा मोजताच येत नाही. तसलं यंत्रच त्याच्यावर बसवलेलं नाही. तरीपण रस्त्याला लागला की सेकंदाला शंभराहून जास्त वेळा तो पेट्रोलचा फवारा मारतो आणि प्रत्येक फवारा जवळजवळ बरोबर मापाचा असतो. हे कसं काय, हे कळायला मला सबंध एक उन्हाळा लागला, पण तो उन्हाळा फार मजेत गेला.

झालं असं, की आम्ही दोघं नवरा-बायको लेकीकडे कोलोरॅडोत गेलो होतो. बायको नातवंडांत रमली. माझं आयुष्य गेलं डिझेलच्या पंपात आणि नोझलात, मला दुपारी करायला काही नाही. जावयांनी हौसेनं एक जुना पिकअप ट्रक घेऊन ठेवला होता, शेवरलेचा, १९९० सालचा. पिकअप म्हणजे पुढं माणसं बसायची जागा आणि मागं उघडा हौदा. तिकडचे शेतकरी, सुतार, प्लंबर सगळे त्याच्यातूनच हिंडतात, आणि कित्येक लोक तर हौद्यात कधी काही न घालताच हिंडतात. इंजिन ५.७ लिटरचं, आठ सिलिंडरचं. आपल्याकडच्या सहा-सात मोटारसायकली नव्हे, चांगल्या पन्नासेक मोटारसायकलींची इंजिनं एकत्र केली तर तेवढं भरेल. पण चालू केल्यावर एका लयीत फिरेना. आचके देई, सिग्नलला बंद पडे, आणि पेट्रोल असं पिई की जावई पंपावर गेले की लेक घरात हिशेबाची वही काढी. "बाबा, तुम्ही नुसतं ऐकून सांगा, काय दुखतंय हिचं?" असं जावयांनी विचारलं आणि मी बाही वर सारली.

एअर क्लीनरचं झाकण काढलं. खाली कार्ब्युरेटर असेल अशा अंदाजानं वाकलो, तर तिथं दिसायला कार्ब्युरेटरच, पण त्याच्या दोन घशांवर दोन इंजेक्टर टांगलेले. याला म्हणतात थ्रॉटल बॉडी इंजेक्शन. शेवरलेची मालक कंपनी जनरल मोटर्सनं १९८७ साली आपल्या पिकअपांचे कार्ब्युरेटर काढून हे बसवलं आणि १९९५ पर्यंत चालवलं. मागं कुठं काही हलवायचं नाही, जुन्या जागी जुन्याच आकाराचं पण विजेवर उघडझाप करणारं नवं तोंड बसवायचं, असा काटकसरी मामला. आमच्या डिझेलच्या नोझलात शेकड्यांनी बार दाब असतो. इथं ९ ते १३ पीएसआय, म्हणजे चाकात हवा भरतो त्याच्या निम्म्यासुद्धा नाही. मी मनात म्हटलं, एवढ्या दाबात काय फवारा उडणार? तर जावयांनी टायमिंगची लाइट आणली, तिचा चिमटा प्लगच्या वायरला लावला आणि झोत इंजेक्टरवर धरला. आणि काय सांगू, तो फवारा हवेत थांबला! लाइट ठिणगीच्या तालावर लुकलुकते, इंजेक्टरही त्याच तालावर उघडतो, त्यामुळं प्रत्येक वेळी आपल्याला फवाऱ्याची तीच अवस्था दिसते आणि थेंबांचा शंकू जागच्या जागी लटकलेला भासतो. इंजिन शांत फिरत असताना, मिनिटाला ६०० फेऱ्यांवर, प्रत्येक इंजेक्टर सेकंदाला २० वेळा उघडतो, दोघं आळीपाळीनं. एका सिलिंडराच्या वाट्याला येतं किती, तर पुरा घास घेतला तरी एक ग्रॅमला कमी हवा आणि तिला ५५-६० मिलिग्रॅम पेट्रोल. शांत फिरताना तर त्याच्याही तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढं. मी तर लेकीलाही बोलावून दाखवलं. तिनं बघितलं आणि विचारलं, जेवायला कधी येताय.

बरं, हे माप ठरवतं कोण? डॅशबोर्डच्या कप्प्यामागं एक अ‍ॅल्युमिनियमची चपटी पेटी असते. हौशी मंडळी तिला तिच्या पार्ट नंबरच्या शेवटच्या आकड्यांवरून ७७४७ म्हणून ओळखतात. तिच्यात एक चिप, आणि ट्रकाचं सगळं शहाणपण त्या चिपमध्ये लिहिलेलं: थंडीत किती पेट्रोल, चढाला किती, ठिणगी कधी, सगळं. जागा केवढी, तर ४०९६ बाइट. देवनागरीतलं एक अक्षर संगणकात ठेवायला ३ बाइट लागतात, तेव्हा या गोष्टीचे पहिले दोन-अडीच परिच्छेद घातले की ती चिप काठोकाठ भरली असती. तेवढ्यात त्या इंजिनिअरांनी दोन टनी धूड हाकायचं ज्ञान बसवलं. आजकाल एक फोटो पाठवायला त्याच्या हजारपट जागा जाते आणि त्यात बहुतेक वेळा 'शुभ सकाळ' लिहिलेलं असतं.

त्या जातीच्या चिपचीही एक गंमत आहे, जाता जाता सांगतो. १९७१ साली इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन नावाचा माणूस बिघडलेल्या चिपा का बिघडल्या ते शोधत होता, आणि शोधता शोधता त्याला युक्ती सुचली, की चिपच्या आत काचेनं चहूकडून वेढलेल्या एका इवल्या बेटावर इलेक्ट्रॉन कोंडून ठेवले तर ते वर्षानुवर्षं तिथंच राहतील. बेटावर इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत, यावरून एक आणि शून्य लिहायचे. पुसायचं असेल तेव्हा अतिनील प्रकाश दाखवायचा. त्या प्रकाशानं इलेक्ट्रॉनांच्या अंगात एवढा जोर येतो, की ते काचेची भिंत ओलांडून पळतात. म्हणून या चिपांच्या पाठीवर क्वार्ट्‌झची बारकी खिडकी असते आणि तिच्यावर कागद चिकटवलेला असतो. दिव्याखाली वीसएक मिनिटांत पाटी कोरी होते. कागद काढून भर उन्हात ठेवली तर आठवडाभरात. उन्हानं आठवण पुसली जाते असं यंत्र मी तरी दुसरं बघितलं नाही.

पुन्हा हवेकडे येऊ. सतराव्या शतकात रॉबर्ट बॉइलनं सांगून ठेवलंय की हवेला अंग असतं, दाबली की आकसते, सोडली की फुगते, आणि दाब आणि जागा यांचा हिशेब पक्का असतो. ट्रकाच्या पेटीला सिलिंडराची जागा ठाऊक, ती काही बदलत नाही. मग तिनं एक बारीक नळी मॅनिफोल्डाला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळकांड्याला, जोडली आणि दुसऱ्या टोकाला सिलिकॉनचा पातळ पडदा असलेला सेन्सर ठेवला, त्याचं नाव मॅप सेन्सर. इंजिन आत ओढतं तेव्हा मॅनिफोल्डात दाब किती उरला हे तो सांगतो. दाब कळला, जागा कळली, इंजिन किती फेऱ्या मारतंय ते ठाऊक, पाणी किती तापलंय ते ठाऊक. त्यावरून दर घासाला किती हवा गेली असेल याचा अंदाज बांधायचा. हवा मोजायचीच नाही. इंजिन सुरू करण्याआधी नुसती चावी फिरवली की हाच सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब वाचून ठेवतो, म्हणजे घटकाभर ट्रकाचा वायुभारमापक होतो. समुद्रकाठी तो १०१ किलोपास्कल वाचेल, डेन्व्हरला ८३-८४. तिथून आम्ही पाइक्स पीक नावाच्या शिखरावर हाच ट्रक घेऊन गेलो होतो. ४३०२ मीटरवर थेट माथ्यापर्यंत रस्ता आहे आणि वर दाब उरतो ६० च्या आसपास. कार्ब्युरेटरची गाडी असती तर तिनं विरळ हवेत गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ओतलं असतं आणि काळा धूर सोडत वर पोचली असती. ट्रकाला दम कमी पडला, तो मलाही पडला, पण माप चुकलं नाही.

पण नुसत्या बॉइलवर भागत नाही, कारण सिलिंडर काही प्रत्येक वेळी पूर्ण भरत नाही. हवेलाही वळणं घेत, व्हॉल्व्हच्या फटीतून, वेळेत आत शिरायचं असतं. काही फेऱ्यांवर ती छान शिरते, काही फेऱ्यांवर दारातच खोळंबते. म्हणून चिपमध्ये एक कोष्टक असतं, एका बाजूला फेऱ्या, दुसऱ्या बाजूला दाब, आणि प्रत्येक घरात टक्का: इथं सिलिंडर साठ टक्के भरतो, इथं बहात्तर, इथं पंच्याऐंशी. ते कोष्टक कारखान्यात इंजिन बाकावर बांधून, चालवून चालवून भरलेलं. ट्यूनिंग ट्यूनिंग म्हणून जे काही म्हणतात ते बव्हंशी हे कोष्टक सुधारणं. बाकीचं किरकोळ.

आणि या अंदाजावर नजर ठेवायला कुणीतरी लागतं. लग्नाच्या पंगतीचा आचारी कधी मीठ मोजून टाकत नाही, मूठ बघून टाकतो. पण घरातली एखादी म्हातारी कढईशी बसलेली असते, ती पळीभर चाखते आणि फक्त 'कमी' किंवा 'जास्त' एवढंच बोलते, किती कमी ते विचारलं तर गप्प. ट्रकाच्या एक्झॉस्टमध्ये अशीच एक म्हातारी बसवलेली असते. तिचं नाव ऑक्सिजन सेन्सर.

तिचा जन्म मोठा जुना. जर्मनीत वाल्टर नर्न्स्ट नावाचे शास्त्रज्ञ होते, १९२० चं रसायनाचं नोबेल त्यांना मिळालं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला त्यांनी एक दिवा काढला, त्यात तारेऐवजी झिर्कोनियाची कांडी. झिर्कोनिया म्हणजे एक जातीची चिनीमातीच म्हणा, त्यात थोडा इट्रिया मिसळलेला. गार असली की या कांडीतून वीज जात नाही. आधी ती तापवायची, मग ती वीज घेते आणि लखलखीत पेटते. म्हणजे विजेचा दिवा लावायला आधी काडी ओढा! लोकांना ते पटलं नाही आणि दिवा मागं पडला, पण कांडीतून वीज जाते कशी, हे कोडं मोठं होतं. तर त्या घट्ट, दगडासारख्या दिसणाऱ्या पदार्थातून तापल्यावर चक्क ऑक्सिजनचे आयन चालत जातात. आता त्याच झिर्कोनियाची टोपी करा, तिच्या आतल्या बाजूला बाहेरची हवा येऊ द्या, बाहेरच्या बाजूला इंजिनाचा धूर. एकीकडे ऑक्सिजन भरपूर, दुसरीकडे नाहीच्या बरोबर. ऑक्सिजन भरल्या बाजूकडून रित्या बाजूकडे जाऊ बघतो आणि त्या ओढीतून व्होल्टेज तयार होतं. किती व्होल्टेज, त्याचं समीकरण पुन्हा नर्न्स्टचंच. बॉश कंपनीनं हे मोटारीच्या उपयोगात आणलं आणि १९७६ साली कॅलिफोर्नियात विकायच्या व्होल्वो गाड्यांवर ते पहिल्यांदा बसलं. आपल्याकडे तेव्हा ते टिकलंच नसतं, कारण पेट्रोलमधलं शिसं या म्हातारीची जीभ मारतं, आणि भारतभर शिसं बंद झालं ते २००० सालच्या फेब्रुवारीत.

आता ती 'किती' का सांगत नाही, ते बघा. पेट्रोल जरासं जास्त झालं की धुरातला ऑक्सिजन जवळजवळ संपतो; नुसता निम्मा-पाव होत नाही, कोट्यवधीपट कमी होतो. त्यामुळं बरोबर मापाच्या त्या एका रेघेवर व्होल्टेज एकदम उडी मारतं: अलीकडे ०.८-०.९ व्होल्ट, पलीकडे ०.१, आणि मधला ०.४५ हा नुसता उंबरठा. पेटी करते काय, की म्हातारी 'कमी' म्हणाली की थोडं पेट्रोल वाढवते, 'जास्त' म्हणाली की थोडं घटवते, पुन्हा 'कमी', पुन्हा 'जास्त'. म्हणजे इंजिन बरोबर मापावर कधी नसतंच, सदा त्याच्या अल्याड-पल्याड डुलत असतं. आणि धूर साफ करणारा जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुढं असतो त्याला हे डुलणंच मानवतं, कारण पेट्रोल कमी असताना तो ऑक्सिजन साठवतो आणि जास्त असताना खर्चतो.

म्हातारीचे नखरेही आहेत. तीनशे अंश तापल्याशिवाय तोंड उघडत नाही. तोवर पेटी निव्वळ अंदाजावर चालते. या ट्रकावरची तर एका वायरची, हीटर नसलेली. हिवाळ्यात गाडी बराच वेळ नुसती उभी फिरत ठेवली की ती गार पडून मुकी होते. पायानं थ्रॉटल पुरता दाबला की पेटी तिचं ऐकतच नाही, तेव्हा ताकद हवी असते आणि माप मुद्दाम १२.५ ते १३ वर आणलेलं असतं.

पेटी मात्र हिशेबी. म्हातारीच्या बोलण्यावरून ती टाचण ठेवते: अमुक फेऱ्या, तमुक दाब असताना आपला अंदाज नेहमीच थोडा कमी पडतो, तर पुढच्या खेपेला आधीच वाढवू. या टाचणाचा आकडा हौशी मंडळींच्या तोंडी सारखा असतो: १२८. बाइटमध्ये ० ते २५५ आकडे मावतात, त्याचा मध्य १२८, म्हणजे 'दुरुस्ती काही नाही'. १३८ म्हणजे कोष्टकापेक्षा आठ टक्के जास्त टाकावं लागतंय. ११८ म्हणजे तेवढंच कमी. बॅटरी काढली की टाचण पुसलं, पुन्हा पहिल्यापासून शिकायचं. ट्यूनिंग करणाऱ्याचं काम एवढंच की पेटीला टाचण ठेवायची गरज पडू नये, प्रत्येक घरात आकडा १२८ च्या जवळ यावा.

हा आकडा बघायचा कसा? डॅशखाली एक सॉकेट असतं. त्याच्या पहिल्या दोन खाचांत कागदाची क्लिप वाकवून घातली आणि इंजिन बंद ठेवून चावी फिरवली, की इंजिनाचा दिवा डोळे मिचकावतो: एकदा, थांबून दोनदा. हा झाला कोड १२, म्हणजे 'मी जागी आहे'. तीनदा तेच सांगून मग तक्रारी सांगते. ४४ म्हणजे पेट्रोल कमी, ४५ म्हणजे जास्त. त्याच सॉकेटला लॅपटॉप जोडला तर पेटी सेकंदाला १६० बिट या वेगानं सगळं बोलून दाखवते. फार सावकाश, सेकंद-दीड सेकंदाला एकदा आकडे हलतात. मला ते आवडलं. आपल्याला वाचायला तेवढा वेळ लागतोच.

जोडून बघितलं तर शांत फिरताना आकडा १५० च्या वर. जावई म्हणाले, "बाबा, कोष्टक चुकलंय, आजच चिप बदलू." आणि त्यांनी कुठल्याशा दुकानातून शक्ती वाढवणारी म्हणून मागवलेली एक चिप ठेवलीही होती. मी म्हटलं, "जावईबापू, जरा दमानं. आधी बघू म्हातारी खरं बोलतेय का."

कारण ती खोटं बोलते, आणि मोठ्या भाबडेपणानं बोलते. तिला कळतो फक्त ऑक्सिजन; तो कुठून आला हे कळत नाही. एक्झॉस्टच्या जोडाला तिच्या आधी बारीक चीर असली तर धुराच्या हेलकाव्यात बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हातारी ओरडते 'कमी, कमी', पेटी बिचारी पेट्रोल ओतत जाते. त्याहून नामी म्हणजे एक प्लग मेला तर काय होतं? त्या सिलिंडरातलं पेट्रोल जळत नाही, पण हवाही जळत नाही, ती सगळी ऑक्सिजनसकट धुरात येते. पेट्रोल न जळता वाया चाललंय आणि म्हातारी म्हणते पेट्रोल कमी पडतंय! उरलेल्या सात सिलिंडरांना मग जबरदस्तीनं जेवू घातलं जातं. आमच्या ट्रकाला यातलं पहिलं होतंच, शिवाय थ्रॉटल बॉडीखालचं गॅस्केट वाळून हवा घेत होतं. ते बदललं, एक्झॉस्टचा जोड बसवला, प्लग नवे घातले, फ्युएल प्रेशर मापून घेतलं. आकडा १३६ वर आला. चिप जागच्या जागी.

मग उरलं खरं दुखणं. आधीच्या मालकानं हौसेनं इंजिनात रेसचा कॅमशाफ्ट घातला होता. त्या कॅमनं इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह बराच वेळ एकदम उघडे राहतात. वरच्या फेऱ्यांवर इंजिन मोकळा श्वास घेतं, पण शांत फिरताना धूर उलटा मॅनिफोल्डात येतो आणि ओढ कमी होते. जिथं ३५-४० किलोपास्कल दिसायचे तिथं ५५ दिसतात. पेटीला वाटतं, गाडीवर ओझं आहे, घाला पेट्रोल. त्याच वेळी ताजी हवा न जळता एक्झॉस्टमध्ये निसटते, म्हातारीला वाटतं, पेट्रोल कमी, घाला आणखी. आचारीही फसला आणि चाखणारीही. अशा ठिकाणी जाणती माणसं शांत फिरण्यापुरतं म्हातारीला गप्प बसवतात आणि प्लगचा रंग, फेऱ्यांची लय आणि आपलं नाक यांवर माप ठरवतात. वाटलंच तर 'किती' तेही सांगणारा वाइडबँड सेन्सर तात्पुरता लावतात.

पुढं आमचा दिनक्रम ठरला. जावई चालवायचे, मी मांडीवर लॅपटॉप घेऊन आकडे वाचायचो. "चढ आहे, पाय स्थिर ठेवा. हां. सोळाशे फेऱ्या, साठ दाब, एकशे चौतीस." संध्याकाळी घरी येऊन हिशेब: कोष्टकात ६० लिहिलेत, टाचण १३४ सांगतंय, तर ६० ला १३४ नं गुणून १२८ नं भागायचं, आले ६२.८. तेवढंच घर बदलून भागत नाही, शेजारची घरंही जराशी ओढून घ्यावी लागतात, नाहीतर गाडी एका घरातून दुसऱ्यात जाताना ठेच खाते. चिप लिहायची, घालायची, पुन्हा उद्या तोच चढ. घाई करणारा माणूस या कामाला नालायक. एका दमात सगळं कोष्टक बदललं की काय बिघडलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

ठिणगीचं थोडक्यात सांगतो. पेट्रोलची वाफ एका क्षणात पेटत नाही, ज्वाळेला सिलिंडरभर पसरायला वेळ लागतो. तीन हजार फेऱ्यांवर एक सबंध फेरी २० मिलिसेकंदांची, त्यात ३० अंश आधी ठिणगी टाकायची म्हणजे जेमतेम पावणेदोन मिलिसेकंद आगाऊ. चिपमध्ये त्याचंही कोष्टक असतं, पण ते मोजतात मूळ टायमिंगपासून, म्हणून आधी काळ्या रेघेची खाकी वायर सोडवून, डिस्ट्रिब्युटर हातानं फिरवून, शून्य अंश लावून घ्यायचा आणि वायर आठवणीनं परत जोडायची. ठिणगी फार आधी टाकली तर उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं आणि इंजिन नॉक करतं. या इंजिनाचा सिलिंडर १०१.६ मिलिमीटर व्यासाचा, त्यात हा नाद सेकंदाला साडेपाच हजार कंपनांच्या आसपास घुमतो, आणि तो ऐकायला इंजिनाच्या ब्लॉकवर एक स्फटिकाचा कान बसवलेला असतो. दाब पडला की वीज देणारा स्फटिक. क्युरी बंधूंनी १८८० साली हे दाखवलं, आणि तुमच्या ओट्यावरच्या गॅसच्या लायटरात तेच चालतं. कानाला नॉक ऐकू आला की पेटी ठिणगी मागं घेते. ठिणगीच्या कोष्टकाशी मात्र खेळताना जपावं. पेट्रोल चुकलं तर प्लग जातो, ठिणगी चुकली तर पिस्टन.

ट्रक सुधारला. शर्यतीची गाडी झाला नाही, पण सिग्नलला बंद पडेना आणि लेकीची वही कपाटात गेली. ती विकतची चिप आम्ही कुतूहलानं उघडून कोष्टकं ताडून पाहिली; बहुतेक ठिकाणी नुसती ठिणगी पुढं ओढलेली आणि पेट्रोल वाढवलेलं, इंजिन कुठलं, कॅम कुठला, कशाची विचारपूस नाही. असल्या चिपांवर पैसे घालू नयेत असं माझं मत झालं. शिवाय धूर साफ करणारी यंत्रणा निकामी करेल असा फेरफार करायला अमेरिकेत कायद्यानं मनाई आहे.

एक गोष्ट शेवटपर्यंत खटकत होती. सगळं जमल्यावरही कारखान्याच्या जुन्या, न बदललेल्या घरांत आकडा १२८ येईना, १३२-१३३ वरच राही. कारण पंपावर निघालं. तिकडच्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलच्या अंगात मुळातच ऑक्सिजन असल्यामुळं त्याला हवा कमी लागते, १४.७ ऐवजी ९ भाग. म्हणून तेवढ्याच हवेला मिश्रण जास्त टाकावं लागतं, चारएक टक्के. १९९० साली चिप लिहिणाऱ्यांनी शुद्ध पेट्रोल धरलं होतं. पेटीला इथेनॉल हा शब्दही माहीत नाही, तरी म्हातारीच्या जिभेवर विसंबून तिनं फरक भरून काढला होता.

हे आता आपल्या दारातही आलंय. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ या धुराच्या नियमांमुळं आपल्या स्कूटरी-मोटारसायकलींचेही कार्ब्युरेटर गेले, इंजेक्टर आले, आणि त्यांच्या सायलेन्सरच्या नळीत ही म्हातारी येऊन बसली. आणि २०२५ पासून पंपावर मिळतं ते पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. त्याचं बरोबर माप १३.५ च्या आसपास, म्हणजे पेटीला आठ-नऊ टक्के जास्त टाकावं लागतं. नव्या गाडीचा अ‍ॅव्हरेज पडल्याची जी ओरड आहे तिचा एक भाग इथून येतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला तेही जमत नाही, ती तेवढी उपाशी चालते. तेव्हा तुमची गाडी पेट्रोल जास्त पिते असं वाटलं तर एकदम पंपाला शिव्या देऊ नका आणि कुणी चिप किंवा सेन्सर बदला म्हणालं तर लगेच पाकीट काढू नका. आधी प्लग काढून त्याचा रंग बघा, आणि गाडी गार असतानाच सुरू करून सायलेन्सरच्या पहिल्या जोडाजवळ लगेच हात धरा, फुसफुस लागते का ते पाहा. ते गॅस्केट फार महाग नसतं.